साठ टक्क्यांची अट आणि हॉटेलातले जेवण

२००१ सालच्या जानेवारीत, सांगलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये, आम्ही तीनशेच्या वर मुले-मुली एका सॉफ्टवेअर कंपनीच्या लेखी परीक्षेला बसलो होतो. साठ मिनिटांत साठ प्रश्न सोडवायचे होते आणि त्यांतले निम्मे तरी आगगाडीला फलाट ओलांडायला किती सेकंद लागतात, दोन नळांनी टाकी किती वेळात भरते, याच जातीचे होते. संगणकाविषयी एकही प्रश्न नव्हता. त्यानंतर बावीस वर्षांनी एका परदेशी कंपनीच्या पुण्यातील केंद्रात संचालक पदासाठी माझी निवड झाली, तेव्हा दोनदा व्हिडिओवर गप्पा झाल्या, सेनापती बापट रस्त्यावरच्या एका हॉटेलात दोन तास जेवण झाले आणि माझ्या दोन जुन्या वरिष्ठांना, मला न कळवता, फोन गेले. या सगळ्यात एकही प्रश्न असा नव्हता, ज्याचे उत्तर चूक की बरोबर हे कोणाला ठरवता आले असते. पगार मात्र पहिल्या नोकरीच्या कितीतरी पट होता.

या दोन टोकांच्या मधल्या बहुतेक पायऱ्यांवर मी आधी उमेदवार म्हणून आणि नंतर पॅनेलवर बसून वावरले आहे. खुर्ची जितकी मोठी, तितकी परीक्षा सैल, असे माझे एकंदर निरीक्षण आहे. याला कारणे आहेत आणि त्यांतली काही पटण्यासारखीही आहेत. परंतु नोकरी शोधणाऱ्याला ही कारणे कोणी समजावून सांगत नाही. त्यामुळे बावीस वर्षांचा मुलगा स्वतःला नालायक समजतो आणि पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ स्वतःला सर्वज्ञ.

आधी तळाची पायरी घेऊ. सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपन्यांचा हिशेब पिरॅमिडवर उभा असतो. ग्राहकाकडून माणशी ठरलेला दर घ्यायचा आणि प्रकल्पात वरच्या पगाराच्या मोजक्या माणसांखाली नव्या मुलांची संख्या जितकी वाढवता येईल तितकी वाढवायची, म्हणजे सरासरी खर्च आटोक्यात राहतो. म्हणूनच मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरचा, म्हणजे नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाचा, पगार दहा-बारा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-सव्वातीन लाख होता आणि आजही तो साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो. या मुलांना काय येते याच्याशी कंपनीला फारसे कर्तव्य नसते, कारण रुजू झाल्यावर तिला त्यांना पुन्हा शिकवायचेच असते. इन्फोसिसने म्हैसूरला उभारलेले प्रशिक्षण संकुल हे त्या विचाराचेच दगडविटांतले रूप आहे. कंपनीला हवी असते ती शिकण्याची तयारी, आणि ती लाखो अर्जांतून स्वस्तात मोजायची असते.

स्वस्तात मोजायचे म्हटले की टक्केवारी येते. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी किमान साठ टक्के आणि एकही केटी शिल्लक नको, ही अट महाराष्ट्रातल्या कोणत्याही कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सूचनाफलकावर वर्षानुवर्षे दिसते. या आकड्यामागे काही संशोधन असेल असे मला पूर्वी वाटत असे. पुढे एका कंपनीत कॅम्पसच्या समितीवर काम करताना कळले, की अट ठरवण्याची पद्धत उलटी असते. मुलाखती घ्यायला माणसे किती आणि दिवस किती हे आधी ठरते, आणि मग तेवढीच मुले उरतील अशा बेताने चाळणीची भोके लहानमोठी केली जातात.

त्याच समितीवर असताना परभणी जिल्ह्यातल्या एका मुलाचा अर्ज माझ्या समोर आला होता. दहावीला ब्याऐंशी, पदवीला एकाहत्तर आणि बारावीला ५८.६ टक्के. त्याच्या कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांनी स्वतः फोन करून सांगितले, की बारावीच्या वर्षी त्याचे वडील गेले. मी विचारून पाहिले. यादी परीक्षा घेणाऱ्या एजन्सीकडून गाळून येते, आपल्याला त्यात हात घालता येत नाही, असे उत्तर मिळाले. तीन वर्षांनी तोच मुलगा त्याच कंपनीत, तिथल्या एका ओळखीच्या इंजिनिअरच्या शिफारशीवर, म्हणजे रेफरलवर, मुलाखतीला आला. मी पॅनेलवर होते. त्याने फळ्यावर प्रोग्राममधले, एकाच वेळी चालणारे धागे एकमेकांची वाट पाहत अडकून पडण्याची स्थिती इतकी स्वच्छ उलगडून दाखवली, की माझा सहकारी त्याचे पाहून वहीत उतरवून घेऊ लागला. त्याची बारावीची टक्केवारी त्या दिवशी कोणी विचारली नाही आणि ती बायोडेटात नव्हतीही. कंपनी तीच होती, माणूस तोच होता, फक्त दार निराळे होते.

कॅम्पसची दुसरी गंमत अशी, की ही भरती पुढच्या वर्षाच्या अंदाजावर होते. सातव्या सत्रात ऑफर द्यायची आणि मुलगा वर्षभराने रुजू होणार, तोवर बाजार कुठे असेल हे कोणाला ठाऊक? माझी स्वतःची रुजू होण्याची तारीख २००१ च्या मंदीत आठ महिने पुढे गेली आणि त्या आठ महिन्यांत मी सांगलीतल्या विश्रामबागेत एका क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना गणित शिकवत होते. कोविडनंतर हे चक्र अधिक मोठ्या प्रमाणावर फिरले. २०२१-२२ मध्ये टीसीएसने सुमारे एक लाख आणि इन्फोसिसने ८५ हजार फ्रेशर घेतले, कारण काम धो धो येत होते आणि माणसे तितक्याच वेगाने सोडून जात होती. मार्च २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसमधील गळतीचे प्रमाण २७.७ टक्क्यांवर पोहोचले होते. दोनच वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, इन्फोसिसची कॅम्पस भरती ११,९०० च्या आसपास आली आणि टीसीएसची कर्मचारी संख्या १३,२४९ ने घटली. शेअर बाजारात आल्यापासून पूर्ण वर्षात अशी घट त्या कंपनीने पाहिली नव्हती. २०२० साली कॉम्प्युटर शाखेला प्रवेश घेतलेल्या मुलाने शिकत असताना ही तेजी पाहिली आणि तो बाहेर पडला तेव्हा फाटक अर्धे मिटलेले होते. यात त्याच्या गुणवत्तेचा भाग किती, हा प्रश्न मुलाखतीच्या खोलीत कोणी उपस्थित करत नाही.

अलीकडे चाळणीही एकसुरी राहिलेली नाही. टीसीएसच्या राष्ट्रीय पात्रता चाचणीत एकाच परीक्षेच्या निकालावरून मुले निन्जा, डिजिटल आणि प्राइम अशा गटांत विभागली जातात. पहिल्या गटाला साडेतीन लाखांच्या आतबाहेर आणि दुसऱ्याला सुमारे सात लाख, म्हणजे दोन-तीन तासांच्या परीक्षेवर पगार दुप्पट होतो. स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांची रीत वेगळी आहे. त्या मोजक्या कॉलेजांत जातात, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे इंटर्न म्हणून ठेवून घेतात आणि त्यांतल्या चांगल्यांना पदवीआधीच कायम ऑफर देतात. माझ्या मते इंटर्नशिप हीच सर्वांत प्रामाणिक मुलाखत आहे, कारण आठ आठवडे कोणालाही सोंग वठवता येत नाही. दुर्दैवाने ती महाग आहे, म्हणून ती ज्यांच्या नशिबी येते त्यांच्या कॉलेजचे नाव आधीच मोठे असते.

तीन ते आठ वर्षे अनुभवाच्या माणसांची भरती, जिला आम्ही लॅटरल म्हणतो, ती मात्र पूर्णपणे निकडीवर चालते. ग्राहकाने करारावर सही केली की पहिल्या तारखेपासून बिलिंग सुरू व्हायचे असते आणि प्रकल्प व्यवस्थापकाला जावा या भाषेत प्रोग्राम लिहिणारे सहा जण कालच हवे असतात. मग १९९७ पासून चालत आलेल्या नोकरी डॉट कॉमवर आणि लिंक्डइनवर शब्दांनुसार शोध घेतला जातो. शोधणारी रिक्रूटर मुलगी बहुधा वाणिज्य किंवा व्यवस्थापन शाखेची असते. जेडीतला, म्हणजे पदाच्या वर्णनातला, शब्द बायोडेटात आहे की नाही एवढेच ती पाहू शकते आणि तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. स्प्रिंग बूट हे जावातल्या एका साधनाचे नाव लिहायला विसरलेला उत्तम माणूस या टप्प्यावर गळतो आणि पंचवीस तंत्रज्ञानांची नावे कोंबणारा पुढे येतो. मुलाखत घेणारा इंजिनिअरही आपल्या प्रकल्पाच्या गडबडीतून पाऊण तास काढून आलेला असतो आणि कित्येकदा बायोडेटा जिना चढताना वाचतो. मी स्वतः हे केले आहे.

या पायरीवरचा खरा खेळ निवडीनंतर सुरू होतो. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांत नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असतो. राजीनामा देऊन नोटीसवर असलेला उमेदवार हा सर्वांत लवकर मिळणारा माल असल्याने त्या तीन महिन्यांत त्याला रोज फोन येतात. तो एका ऑफरवर दुसरी आणि दुसरीवर तिसरी मिळवतो, जुनी कंपनीही त्याने थांबावे म्हणून काउंटर ऑफर देते आणि रुजू होण्याच्या दिवशी सकाळी फोन बंद असतो. म्हणून कंपन्या पाच जागांसाठी आठ-नऊ ऑफर देतात, एचआरची मुले दर आठवड्याला उमेदवाराची ख्यालीखुशाली विचारतात, आणि कधी सगळेच आठ जण येऊन उभे राहिले की तीन जण बेंचवर, म्हणजे कामाविना, बसतात. आपण आखलेल्या नव्वद दिवसांच्या कुंपणात आपणच अडकलो आहोत हे उद्योगातल्या प्रत्येकाला कळते. मात्र पहिले कुंपण कोणी काढायचे, यावर घोडे अडते.

पगार ठरवण्याची पद्धत मला या पायरीवर सर्वांत जास्त खटकते. सध्याचा सीटीसी, म्हणजे वर्षाचा एकूण पगार, किती, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ पाठवा, त्यावर अमुक टक्के हाइक मिळेल, असा शिरस्ता आहे. याचा अर्थ असा, की पहिल्या नोकरीत निन्जा गटात पडलेला मुलगा दहा वर्षांनीही त्या पहिल्या आकड्याची सावली घेऊन फिरतो, आणि बाळंतपणानंतर दोन वर्षे घरी राहून परत आलेल्या मुलीला जुन्या पगारावरच, तोही जमला तर, बोलावले जाते. कॅलिफोर्नियात २०१८ पासून मालकाने उमेदवाराला आधीचा पगार विचारण्यास कायद्याने बंदी आहे. तिथल्या कंपन्यांची पुण्यातली कार्यालये मात्र हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारतात, कारण आपल्याकडे तशी बंदी नाही. मी माझ्या चमूपुरती पदाची वेतनश्रेणी आधी सांगायला सुरुवात केली, तेव्हा बाजार बिघडवता आहात, अशी तक्रार आतूनच आली.

खोट्या अनुभवाचा प्रश्नही याच पायरीवर सर्वांत मोठा आहे. बनावट अनुभवपत्रे विकणारी दुकाने इतकी वाढली, की नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००६ मध्ये कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू करावी लागली. आता भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातल्या नोंदींवरून मागचा इतिहास पाहता येतो. व्हिडिओवर ओठ हलवणारा एक आणि उत्तर देणारा दुसरा, असे प्रकारही मी पाहिले आहेत. हल्ली उत्तर देणारा माणूसच लागत नाही, यंत्र पुरते. म्हणून काही कंपन्या एक फेरी पुन्हा समोरासमोर घेऊ लागल्या आहेत.

दहा-बारा वर्षांच्या पुढे, व्यवस्थापनाकडे न वळता इंजिनिअर म्हणूनच वर चढणाऱ्यांची निवड हा मला सर्वांत रस असलेला भाग आहे. इथे मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी पद्धत घडवण्यावर खरोखर डोके चालवले आहे. गूगलमध्ये कॉलेजातून आलेला मुलगा तिसऱ्या पातळीवर असतो, सीनियर इंजिनिअर पाचव्या आणि स्टाफ इंजिनिअर सहाव्या. ॲमेझॉनमध्ये सुरुवात चौथ्या पातळीपासून होते आणि प्रिन्सिपल सातव्या पातळीवर येतो. मुलाखत घेणाऱ्याने फक्त आपले निरीक्षण लिहायचे आणि निर्णय उमेदवाराला न भेटलेल्या लोकांच्या समितीने करायचा, ही गूगलची रीत. ज्या चमूला जागा भरायची घाई आहे त्या चमूबाहेरचा एक अनुभवी माणूस पॅनेलवर बसवायचा आणि त्याला नकाराधिकार द्यायचा, ही ॲमेझॉनने १९९९ च्या सुमारास सुरू केलेली बार रेझरची, म्हणजे दर्जाची पट्टी वर उचलणाऱ्याची, प्रथा. दोन्हींमागची भीती एकच, की निकडीत सापडलेला व्यवस्थापक उभ्या जगात कोणालाही हो म्हणेल. गूगलने आपल्याच मुलाखतींचा हिशेब तपासला तेव्हा चार मुलाखतींनंतरच्या पाचवीने निर्णयात फारसा फरक पडत नाही, असे आढळले. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील यासारखी कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, हे त्यांचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले. माझ्या आगगाडीला आणि फलाटाला तेवढेच समाधान.

या पातळीवर प्रश्न सर्वांना सारखाच विचारतात आणि उत्तराच्या खोलीवरून पायरी ठरते. इंटरनेटवरचे लांब दुवे आखूड करून देणारी सेवा कशी बांधाल, असे विचारले की तीन वर्षांचा मुलगा थेट तक्ते काढू लागतो. आठ वर्षांचा माणूस दिवसाला किती विनंत्या येतील आणि कॅशे, म्हणजे वारंवार लागणाऱ्या माहितीचा हाताशी ठेवलेला साठा, कुठे ठेवायचा हे आधी विचारतो. आणि पंधरा वर्षांचा माणूस, तो खरोखर पंधरा वर्षांचा असेल तर, ही सेवा आपण बांधायचीच कशासाठी, विकत का घ्यायची नाही, तीन वर्षांनी ती कोण सांभाळणार, असे विचारतो. पंधरा वर्षांत एकच वर्ष पंधरा वेळा घालवलेल्या माणसाला इथे एक पायरी खालची ऑफर मिळते आणि तो अपमान समजून निघून जातो.

आपल्याकडच्या माणसांचा इथे हमखास घात करणारी एक बाब म्हणजे ‘आम्ही’. मी उमेदवाराला विचारते, की हा निर्णय कोणाचा होता? उत्तर येते, आम्ही असे ठरवले, आमच्या टीमने असे केले. सांगली-कोल्हापूरकडे ‘मी केले’ म्हणणारा माणूस उथळ समजला जातो. घरातही तसेच शिकवलेले असते. परदेशातल्या पॅनेलला मात्र त्या ‘आम्ही’त माणूस सापडतच नाही, आणि ते शेऱ्यात स्वतःचे योगदान अस्पष्ट, असे लिहून मोकळे होतात. अशा वेळी मी मराठी उमेदवाराला सरळ सांगते, की आता पाच मिनिटे बढाई मारा, मी कोणाला सांगणार नाही. बहुतेक जण हसतात आणि मग पहिल्यांदा खरे बोलू लागतात.

त्याहून वरच्या खुर्च्यांच्या जाहिराती निघत नाहीत. परदेशी कंपन्यांची भारतातली जी केंद्रे आहेत, त्यांची संख्या २०२४ पर्यंत १,७०० च्या वर गेली आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसे काम करत होती. असे केंद्र पुण्यात उघडायचे ठरले की पहिला माणूस वरिष्ठ पदांसाठी माणसे शोधून देणाऱ्या संस्थेमार्फत निवडला जातो. पुढच्या वर्षभरात त्याच्या जुन्या कंपनीतली पाच-सहा माणसे त्याच्यामागे येतात आणि त्यांच्यामागे त्यांची. पुण्याच्या एका टोकाला, खराडीतल्या एका मजल्यावर, दुसऱ्या टोकाच्या हिंजवडीतल्या एका इमारतीचा अख्खा व्हॉट्सॲप ग्रुप आलेला मी पाहिला आहे. अगदी शिखरावरही दोन परंपरा दिसतात. टीसीएसने मुख्य कार्यकारी अधिकारी टाटा समूहाबाहेरून कधी आणला नाही, के. कृतिवासन २०२३ मध्ये त्या पदावर आले तेव्हा त्यांची कंपनीत तीन दशकांहून अधिक वर्षे झाली होती. इन्फोसिसने मात्र २०१४ मध्ये सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीतून आलेल्या विशाल सिक्का यांना आणि त्यांच्या राजीनाम्यानंतर कॅपजेमिनीतून सलील पारेख यांना आणले. पारेख यांनी जानेवारी २०१८ मध्ये सूत्रे घेतली. या पायरीवर स्पर्धकाकडे जाऊ न देण्याचे करार होतात, त्यांवरून खटले चालतात, आणि नोकरी सुटल्यानंतर धंद्याला मज्जाव करणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे कितपत टिकते, यावर वकील बोलतात. फ्रेशरच्या बॉन्डसाठी एवढे वकील कोणी लावत नाही.

हॉटेलातले जेवण झाले तरी माझी निवड खरोखर कशावर झाली, हे मला पुढे त्या कंपनीत आतून कळले. दोन जुन्या वरिष्ठांच्या शब्दांवर ऐंशी टक्के निर्णय झाला होता. एका अर्थी हे योग्यच आहे. माणसाची निर्णयशक्ती पाऊण तासात फळ्यावर दिसत नाही. ज्यांनी तिचे परिणाम दोन-चार वर्षे भोगले त्यांनाच ती ठाऊक असते. परंतु त्या दोन वरिष्ठांचे नंबर मिळाले ते त्यांची त्याच वर्तुळात ऊठबस होती म्हणून, आणि त्या वर्तुळात बायका कमी आहेत, छोट्या कॉलेजांची माणसे कमी आहेत, ज्यांनी कधी वरिष्ठाला नाराज केले अशी माणसेही कमी आहेत. शिवाय तळाची चूक कंपनीला एका माणसाचा सहा महिन्यांचा पगार घालवायला लावते, तर इथली चूक दोनशे जणांची वर्षे खाते. म्हणून माझ्या हाताखालच्या वरिष्ठ जागांसाठी मी एक नियम केला आहे: संदर्भ देणाऱ्या प्रत्येकाला तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तरे लेखी. त्यांपैकी किमान एक माणूस उमेदवाराच्या हाताखाली काम केलेला असावा लागतो. पहिल्याच वर्षी दोन चकचकीत नावे त्या हाताखालच्या माणसाच्या उत्तरावर गळली.

तळाच्या पायरीवर माझा अधिकार तेवढा चालत नाही. गेल्या महिन्यात आमच्या कॅम्पस भरतीचा ऑनलाइन फॉर्म मंजुरीसाठी माझ्याकडे आला. दहावी, बारावी, पदवी आणि प्रत्येकापुढे साठ. मी बारावीचा आकडा पुसून परत पाठवला. दोन दिवसांनी एचआरमधल्या मुलीचा निरोप आला, की मॅडम, तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही, काहीतरी भरावेच लागेल. मी तिथे ३५ लिहिले.